इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी आणि विजेचं जाळं: घरात काय जमतं, सोसायटीत काय करावं आणि पैसे कुठे बुडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी ४० युनिट क्षमतेची इलेक्ट्रिक कार आहे आणि तिच्यातून २३० व्होल्टची उपकरणं चालवण्याची सोय, म्हणजे व्ही-टू-एल, कंपनीनेच दिली आहे. नवीन टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारं मीटर, बसलं आहे. वीज अधूनमधून दोन-चार तास जाते. गाडीवर घर चालवता येईल का? संध्याकाळी महावितरणला वीज विकता येईल का? सोसायटीतल्या बारा गाड्या मिळून काही करता येईल का? आणि या सगळ्यात बॅटरी लवकर संपेल का?

आधी सरळ उत्तरं. घर चालेल, पण वायरिंग नीट केलं तरच. गाडीतली वीज विकण्याची सोय महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला आज नाही, आणि आजच्या दरांत ती असती तरी युनिट विकून तोटाच झाला असता. बारा गाड्या मिळून मात्र खूप काही करता येतं, आणि त्यासाठी बॅटरीतून एक युनिटही बाहेर काढावं लागत नाही. बॅटरी किती झिजेल हे ती कशी वापराल त्यावर ठरेल; त्याचा हिशोब पुढे दिला आहे.

सगळा गोंधळ एका ठिकाणी होतो. बॅटरीकडे दोन वेगळ्या गोष्टी असतात: साठा, जो युनिटमध्ये मोजतात, आणि जोर, जो किलोवॅटमध्ये मोजतात. गाडीचा साठा ४० युनिट, म्हणजे एका मध्यम घराची चार-पाच दिवसांची वीज. जोर मात्र प्रचंड. चढावर हीच बॅटरी मोटरला १०० किलोवॅटच्या आसपास पुरवते आणि पॅडलवर पाय पडल्यापासून क्षणात पुरवते. विजेच्या जाळ्याला सर्वात जास्त किंमत या दुसऱ्या गोष्टीची असते. भारतात विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला तिच्या किती लहरी होतात तो आकडा, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. एखादा मोठा संच अचानक बंद पडला की ती घसरते आणि पहिली काही सेकंदं कोण सावरतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तिथे काही मिनिटांचा जोर लागतो, तासन्‌तासांचा साठा लागत नाही. गाडीच्या बॅटरीचं खरं काम तिथे आहे. लोक मात्र ती डिझेल जनरेटरसारखी युनिट विकायला लावू पाहतात.

मापाचा अंदाज यावा म्हणून: अकोले तालुक्यातला घाटघरचा उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून वीज साठवणारा) २५० मेगावॅटचा आहे. प्रत्येक गाडी ५ किलोवॅट देईल असं धरलं तर तेवढ्या जोराला एका वेळी ५०,००० गाड्या जोडलेल्या हव्यात. आणि कोणत्याही क्षणी पाचातली एकच गाडी प्लगला असेल तर एकूण अडीच लाख. आकडा मोठा वाटतो, पण अशक्य नाही. अडचण गाड्यांच्या संख्येत कमी आणि त्या प्लगला लावून ठेवण्याच्या सवयीत जास्त आहे.

घर चालवायचं असेल तर

नेक्सॉनसारख्या गाडीची व्ही-टू-एल क्षमता ३.३ केव्हीए (इथे ढोबळमानाने किलोवॅटच समजा) आहे, आयोनिक ५ ची ३.६ किलोवॅट. म्हणजे साधारण १४ ते १६ अँपिअर, एका मोठ्या पॉवर सॉकेटएवढं. त्यावर दिवे, पंखे, राउटर, टीव्ही, फ्रिज आणि दीड टनाचा एक इन्व्हर्टर एसी चालतो. गिझर आणि इंडक्शन शेगडी एसीसोबत चालणार नाहीत. एक एचपीचा पाण्याचा पंप चालू झाल्यावर जेमतेम १.१ किलोवॅट घेतो, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो आणि गाडी तत्क्षणी आउटपुट बंद करते. पंप चालवायचाच असेल तर सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं यंत्र) लावा आणि त्या वेळी एसी बंद ठेवा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसरही असाच झटका देतो, म्हणून आधी फ्रिज सुरू करून मग बाकीचा भार चढवायचा.

किती तास चालेल, याचा हिशोब बहुतेक लोक चुकवतात. बॅटरी ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांपर्यंत वापरायची ठरवली तर २० युनिट हाताशी असतात. पण वीज देताना गाडी जागी राहते: कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारे-तोडणारे स्विच), कंट्रोलर, कूलिंगचा पंप मिळून साधारण २०० वॅट ती स्वतः खाते. शिवाय बॅटरीतली डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलताना दहा टक्के जातात. घराचा भार १५०० वॅट असेल तर हा साठा साडेदहा-अकरा तास पुरतो आणि घराला १६ युनिट मिळतात. भार ५०० वॅट असेल तर साठा २६ तास पुरतो, पण घराला मिळतात फक्त १३ युनिट. बाकीचे गाडीनेच खाल्लेले असतात. रात्रभर फक्त दोन पंखे आणि राउटर चालवण्यासाठी गाडी जागी ठेवणं हा उधळेपणा आहे. ते काम घरातल्या साध्या इन्व्हर्टरकडे द्या आणि गाडी मोठ्या खंडासाठी राखून ठेवा.

आता वायरिंग. इथे घाई केली तर माणूस मरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून गाडीची वीज घरातल्या सॉकेटमध्ये कधीही घालू नका. मेन स्विच बंद करायला विसरलात की वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. तिथे लाइनमन लाइन मृत समजून काम करत असतो. आणि वीज रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मर) पोचली तर ते उलट चालतं: ४३३ व्होल्टच्या बाजूने शिरलेली वीज दुसऱ्या बाजूला काही हजार व्होल्ट होऊन बाहेर पडते. जास्त भारामुळे गाडी ट्रिप होईलच या भरवशावर राहू नका. फीडरचा, म्हणजे तुमच्या भागाच्या वीजवाहिनीचा, तो तुकडा वेगळा तोडलेला असेल तर भार कमी असतो आणि ती ट्रिप होत नाही.

योग्य पद्धत अशी. गरजेची सर्किट वेगळ्या छोट्या डीबीवर (वितरण पेटीवर) काढा. तिच्या आधी चेंजओव्हर स्विच बसवा, ज्यात एक बाजू पूर्ण तुटल्याशिवाय दुसरी जोडली जात नाही. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा. म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. फक्त फेज बदलणारा स्वस्त स्विच इथे चालत नाही, कारण न्यूट्रल जोडलेला राहिला तर गाडीचं आउटपुट आणि खांबावरची लाइन यांचा संबंध उरतो. गाडीपासून चेंजओव्हरपर्यंत तीन कोअरची तांब्याची केबल घ्या, २.५ चौरस मिलिमीटर. २० मीटरवर १४ अँपिअरला साधारण ५ व्होल्ट पडतात, ते चालतं. त्याहून लांब असेल तर ४ चौरस मिलिमीटर. केबलचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तासाभरात इतकी तापते की इन्सुलेशन मऊ पडतं.

अर्थिंगचा मुद्दा वायरमनलाही बऱ्याचदा माहीत नसतो. बहुतेक गाड्यांच्या व्ही-टू-एल आउटपुटमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो, दोन्ही तारा तरंगत्या असतात. अशा पुरवठ्यावर घरातला आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) पहिल्या दोषाला ट्रिप होत नाही, कारण करंटला जमिनीतून परतीचा रस्ताच नसतो. म्हणून काहीजण न्यूट्रल आणि अर्थ स्वतःच जोडून टाकतात. काही गाड्या याला इन्सुलेशनचा दोष समजून आउटपुट बंद करतात. गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलं आहे ते पाहा. घराला पुरवठा देण्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर चेंजओव्हरच्या भानगडीत न पडता फ्रिज, कूलर अशी उपकरणं एक्स्टेन्शन बोर्डवरून थेट चालवा.

दोन सापळे आणखी. पहिला, घरचा इन्व्हर्टर. त्याची इनपुट पिन भिंतीतून काढून गाडीच्या एक्स्टेन्शनला लावली की झालं, ही युक्ती आकर्षक वाटते. पण आपल्याकडे बहुतेक घरांत इन्व्हर्टरची फक्त फेज वेगळी ओढलेली असते आणि न्यूट्रल सगळ्या घराचा एकच असतो. इन्व्हर्टरच्या आत इनपुट आणि आउटपुटचा न्यूट्रल जोडलेला असल्यामुळे गाडीचा न्यूट्रल थेट महावितरणच्या न्यूट्रलला जाऊन मिळतो. इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल पूर्ण वेगळा केलेला असेल तरच ही युक्ती वापरा.

दुसरा सापळा छतावरच्या सौर संचाचा. वीज गेली की ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत बंद होतो, तसा नियमच आहे. घराला गाडीची वीज मिळाली की त्याला वाटतं ग्रिड परत आलं. तो सुरू होतो, दुपारी ३ किलोवॅट ढकलू लागतो, आणि घराचा भार ५०० वॅटच असला तर उरलेली वीज गाडीच्या आउटपुटमध्ये शिरू पाहते. ते आउटपुट फक्त देण्यासाठी बनलेलं असतं, घेण्यासाठी नाही. व्होल्टेज वर जातं. नशीब बरं असेल तर ट्रिप होतं, नसेल तर सर्किट जळतं. सौर इन्व्हर्टर नेहमी चेंजओव्हरच्या मेन बाजूलाच राहिला पाहिजे.

युनिट विकून तोटा कसा होतो

टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत प्रतियुनिट ८० पैशांपासून, पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत, सवलत ठरवलेली आहे. साहजिकच विचार येतो: दुपारी स्वस्त वीज भरू, रात्री घराला वापरू. हिशोब करून पाहा. सगळे आकार धरून तुमचा दर ११ रुपये आहे असं समजू. दुपारी तो १० रुपये पडतो. पण एक युनिट बाहेर काढायला आधी सुमारे १.२ युनिट भरावे लागतात, कारण भरताना आणि काढताना दोन्ही वेळा गळती होते. म्हणजे रात्री वापरलेलं युनिट १२ रुपयांना पडलं, जे थेट मीटरवरून ११ ला मिळत होतं. झीज अजून धरलेलीच नाही.

झिजेचा ढोबळ हिशोब असा मांडतात. पॅक बदलायला ६ लाख लागतील आणि जुन्याचे दीड लाख येतील असं समजा. उरले साडेचार लाख. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) पॅकने ३,००० पूर्ण चक्रं दिली तर ४० युनिटच्या हिशोबाने एकूण १,२०,००० युनिट बाहेर येतात. म्हणजे युनिटमागे ३ रुपये ७५ पैसे. ही वरची मर्यादा समजा. कारण बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होतेच, आणि ४० ते ७० टक्क्यांमधली उथळ चक्रं पूर्ण चक्रांपेक्षा फार कमी झीज करतात. तरीही रुपयाभराच्या फरकासाठी रोज बॅटरी रिकामी करणं कोणत्याही आकडेमोडीत बसत नाही.

वीज गेल्यावरचा हिशोब मात्र उलटा आहे. तेव्हा गाडीतलं युनिट गळती आणि झीज धरून सुमारे १७ रुपयांना पडतं. छोटा पेट्रोल जनरेटर लिटरमागे दीड-दोन युनिट देतो. पेट्रोलचा भाव तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे बॅकअपसाठी गाडी निःशंकपणे वापरा.

नेट मीटरिंग असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: ती सोय छतावर तयार झालेल्या सौर विजेसाठी आहे. बॅटरीत साठवलेली ग्रिडची वीज त्याच मीटरमधून परत ढकलणं तिच्यात बसत नाही. तसंच गाडीसाठी वेगळं, वेगळ्या दराचं मीटर घेतलं असेल तर त्या मीटरवर भरलेली वीज नियमितपणे घरात वापरू नका. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर आहे त्याहून वेगळा वापर केला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते आणि नंतर वाद घालत बसावं लागतं.

बारा गाड्यांची सोसायटी

खरी कमाई इथे आहे. समजा सोसायटीचं रोहित्र २०० केव्हीएचं आहे आणि संध्याकाळी सातला भार १५० पर्यंत जातो. बाराजण ऑफिसातून आले आणि ७.४ किलोवॅटचे चार्जर लावले, की एकदम ८९ किलोवॅट वाढले. रोहित्र तापतं, व्होल्टेज पडतं, फ्यूज जातो, आणि बैठकीत ठरतं की इलेक्ट्रिक गाड्यांना परवानगीच नको. पण प्रत्येक गाडी रोज ४०-५० किलोमीटर चालते, म्हणजे तिला रोज लागतात सहा-सात युनिट. बारा गाड्यांचे मिळून ८४. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ते पसरले तर सरासरी भार साडेदहा किलोवॅट. ८९ आणि साडेदहा यांतला फरक हीच जाळ्याला तुम्ही करू शकता ती सर्वात मोठी मदत, आणि तिच्यात बॅटरीची झीज शून्य.

हे करायचं कसं? आधी सात दिवस येणाऱ्या मेन केबलवर लॉगर (नोंद ठेवणारं यंत्र) लावून पंधरा-पंधरा मिनिटांचा भार नोंदवा, प्रत्येक फेजचा वेगळा. मग मेनवर सीटी (करंट मोजणारी कडी) बसवून चार्जर त्याच्याशी जोडा, म्हणजे एकूण भार ठरवलेल्या मर्यादेजवळ आला की चार्जर आपोआप मंद होतील. चार्जर घेताना ओसीपीपी (चार्जरला बाहेरून हुकूम देण्याची सामायिक भाषा) १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती आणि तिच्यातली स्मार्ट चार्जिंगची सोय चालू आहे का, हे लेखी विचारा. नुसतं मोबाइल ॲप म्हणजे स्मार्ट चार्जिंग नव्हे. सिंगल फेजचे चार्जर तिन्ही फेजवर चार-चार वाटा. हे न केल्यास एका फेजवर आठ गाड्या येतात, न्यूट्रलमधून मोठा करंट वाहतो आणि बाकी दोन फेजवरच्या घरांत व्होल्टेज वर सरकतं. टीव्ही आणि एसीच्या सर्किटांची वाट लागते ती अशी, आणि दोष गाड्यांना दिला जातो.

मंद करण्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. टाइप २ चार्जर आणि गाडी यांच्यात कंट्रोल पायलट नावाची एक तार असते. चार्जर तिच्यावर १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल पाठवतो. त्या सिग्नलचा किती टक्के वेळ वरचा भाग आहे, त्याला ०.६ ने गुणलं की गाडीने जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यायचे ते कळतं. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२. सिग्नल बदलला की गाडीने पाच सेकंदांत आपला करंट उतरवायचा असतो. ६ अँपिअरच्या खाली मात्र जाता येत नाही. त्याखाली फक्त थांबवणं. म्हणून बाराही गाड्या सर्वात मंद ठेवल्या तरी साडेसोळा किलोवॅट लागतात, आणि त्याहून कमी हवं असेल तर पाळीपाळीने थांबवाव्या लागतात. वारंवार थांबवण्या-चालवण्यात धोका असा की काही गाड्या दोन-तीन खंडांनंतर झोपी जातात आणि पुन्हा वीज घेतच नाहीत. सकाळी मालकाला अर्धी बॅटरी मिळते आणि सगळ्या योजनेवरचा विश्वास उडतो. पूर्ण थांबवण्यापेक्षा ६ अँपिअरवर ठेवणं नेहमी चांगलं.

टायमरचाही एक तोटा आहे. सगळ्यांनी दहा वाजताचाच टायमर लावला तर सातचा डोंगर उचलून दहाला ठेवला इतकंच होतं, आणि तो अधिक उभा असतो. प्रत्येक चार्जरच्या सुरुवातीत शून्य ते वीस मिनिटांचा यादृच्छिक उशीर ठेवा.

मुळात महाराष्ट्रात आता स्वस्त वीज दुपारी आहे, रात्री नाही. शेतीपंपांचा भार दिवसा सौर वाहिन्यांवर नेण्याचं काम जसजसं पुढे जातंय, तसतशी दुपारची वीज मुबलक होत जाणार आणि सूर्य मावळतानाचा मागणीचा चढ अधिक उभा होणार. म्हणून ऑफिस, कारखाने, कॉलेजं यांच्या पार्किंगमध्ये दिवसभर ३.३ किलोवॅटचे साधे, स्वस्त चार्जर भरपूर बसवणं हे घरी महागडा दुतर्फी चार्जर (गाडीतून वीज परतही घेणारा) बसवण्यापेक्षा जाळ्याच्या दृष्टीने जास्त उपयोगाचं आहे. यावर माझं मत ठाम आहे.

आणि फ्रिक्वेन्सीला आधार देण्यासाठीही वीज परत ढकलावीच लागते असं नाही. ७ किलोवॅटने भरणारी गाडी थांबली, तर जाळ्याला ७ किलोवॅट मिळालेच की.

परदेशातले दुतर्फी प्रयोग काय शिकवतात

गाडीतून ग्रिडला वीज देण्याची कल्पना अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन आणि त्यांचे सहलेखक स्टीव्हन लेटेंड्रे यांनी १९९७ मध्ये मांडली. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर निसान लीफवर घर चालवण्याची ६ किलोवॅटची यंत्रणा २०१२ पासून विकली जाऊ लागली. तिथे हे शक्य झालं कारण चाडेमो या जपानी चार्जिंग जोडणीत उलटी वीज देण्याची तरतूद लवकर आली. आपल्याकडे गाड्यांना सीसीएस२ ही जोडणी आहे, आणि तिच्यासाठी दुतर्फी संवादाचं मानक, आयएसओ १५११८-२०, २०२२ मध्ये आलं. म्हणूनच व्ही-टू-एल असलेली गाडी दुतर्फी डीसी चार्जरला चालेलच असं नाही. दोन्ही वेगवेगळे रस्ते आहेत. व्ही-टू-एलमध्ये गाडीतलाच चार्जर उलटा चालतो आणि स्वतःचं स्वतंत्र २३० व्होल्ट तयार करतो. त्याला ग्रिडशी ताल जुळवता येत नाही. ग्रिडला जोडायचं तर ताल जुळवणं, वीज गेल्यावर दोन सेकंदांत तुटणं आणि डीसीची गळती ठरलेल्या मर्यादेत ठेवणं ही जबाबदारी प्रमाणित यंत्राची असते.

डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या पाणी-ऊर्जा संस्थेच्या दहा निसान व्हॅन २०१६ पासून १० किलोवॅटच्या दुतर्फी चार्जरवर फ्रिक्वेन्सी सावरण्याचं काम करत होत्या. व्हॅन दुपारनंतर परत येत आणि सकाळपर्यंत प्लगला असत, हे तिथलं मोठं बळ. अडचण आली ती अशी की फ्रिक्वेन्सी रात्रभर ५० च्या दोन्ही बाजूंना सारखी हलत नाही, एका बाजूला कललेली राहते. मग बॅटरी हळूहळू पूर्ण भरते किंवा रिकामी होते आणि काम थांबतं. यासाठी चार्जिंगचा मधला बिंदू सतत सरकवत राहावं लागतं. दुसरं, चार्जर कमी भारावर चालला की गळती झपाट्याने वाढते: १० किलोवॅटचं यंत्र १ किलोवॅटवर चालवाल तर १५-२० टक्क्यांची गळती कितीतरी वर जाते. म्हणून दहा गाड्यांना थोडं थोडं काम देण्यापेक्षा दोन गाड्यांना पूर्ण जोराने चालवून बाकीच्या झोपवणं शहाणपणाचं.

झिजेबाबत एक धडा फोक्सवॅगनच्या अटीत दिसतो. त्यांच्या गाड्यांतून घराला वीज देण्यावर १०,००० युनिट आणि ४,००० तास अशी मर्यादा आहे. युनिटची मर्यादा बॅटरीसाठी, हे कळतं. पण तासांची कशासाठी? कारण गाडीतले कॉन्टॅक्टर, पंप, कंट्रोलर हे धावण्याच्या काही हजार तासांच्या हिशोबाने बनवलेले असतात. रोज रात्री दहा तास जागी ठेवलेली गाडी वर्षभरात ३,६५० तास जागते, एक किलोमीटरही न धावता. बॅटरीआधी हे सुटे भाग थकू शकतात. आपल्याकडची वॉरंटी किलोमीटर आणि वर्षांत लिहिलेली असते. नियमित वीज काढणार असाल तर युनिट किंवा तासांची अट आहे का, हे विक्रेत्याकडून ईमेलवर घ्या.

फायदा होतो तो ठरलेल्या वेळी उभ्या राहणाऱ्या ताफ्यांत. अमेरिकेतल्या ऑकलंडमध्ये ७४ इलेक्ट्रिक स्कूलबस दुतर्फी चार्जरवर आहेत आणि वर्षाला २.१ गिगावॅट-तास वीज परत देण्याचं त्यांचं उद्दिष्ट आहे. स्कूलबस दुपारी मोकळी होते आणि संध्याकाळच्या चढाला उभीच असते. आपल्या पीएमपी किंवा बेस्टच्या बस मात्र नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर असतात. त्यामुळे आगारांकडून संध्याकाळचा आधार मागण्यात अर्थ नाही. रात्रीचं चार्जिंग पसरवणं आणि फ्रिक्वेन्सी घसरली की ते क्षणभर थांबवणं एवढं त्यांच्याकडून सहज होईल. आपल्याकडच्या शाळांच्या बस विजेवर आल्या तर त्या ऑकलंडच्या वाटेने जाऊ शकतात.

भारतात रस्ता कुठे अडला आहे? केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या नियमांत दुय्यम राखीव सेवेसाठी (फ्रिक्वेन्सी सावरायला तयार ठेवलेला जोर) किमान १ मेगावॅट लागतो, ३० सेकंदांत प्रतिसाद सुरू आणि १५ मिनिटांत पूर्ण. बॅटरीला हे अगदी सोपं आहे. पण १ मेगावॅट म्हणजे ५ किलोवॅटच्या २०० गाड्या एकाच वेळी, आणि तीन-चारातली एक प्लगला धरली तर ६००-८०० गाड्यांचा करार एका संस्थेने सांभाळायला हवा. घरगुती मीटर पंधरा मिनिटांची नोंद ठेवतं, या सेवेला सेकंदांची नोंद लागते. आणि पैसे युनिटवर नव्हे, तयार राहण्यावर मिळाले पाहिजेत. केरळमध्ये तिथलं वीज मंडळ केएसईबी आणि आयआयटी मुंबई यांनी दुतर्फी चार्जिंगच्या चाचणीचं काम हाती घेतलं आहे. महाराष्ट्राने त्यातल्या मोजमापांवर लक्ष ठेवावं.

गाडीतून उतरलेल्या बॅटरीचा मार्ग याहून सरळ आहे. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८ पासून ३ मेगावॅट, २.८ मेगावॅट-तासांचा साठा आहे, १४८ लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांएवढा, त्यात काही वापरलेल्या. ७०-७५ टक्के उरलेला पॅक गाडीला अपुरा पडतो, पण जागेवर बसून हळू चालायला उत्तम. अट एकच, निवड कडक हवी: पूर्ण भरून पाच तासांत रिकामा करून खरी क्षमता मोजा, प्रत्येक मॉड्यूलचा (सेलच्या गठ्ठ्याचा) अंतर्गत रोध नोंदवा, मग तीन आठवडे नुसता ठेवून व्होल्टेज किती घसरतं ते पाहा. सरासरीपेक्षा वेगाने घसरणारं मॉड्यूल कितीही क्षमता दाखवत असलं तरी बाद करा. आतल्या सूक्ष्म शॉर्टची ती खूण असते. भंगारातून आणलेले वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र बांधून विकणारे आता तालुक्याच्या गावीही दिसतात. असा पॅक घरात, जिन्याखाली, दुकानात ठेवू नका. आणि जुना पॅक द्यायचा तो नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्यालाच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा आधी गाडीच्या कंपनीलाच विचारा.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर: रोज ८० टक्क्यांपर्यंत भरा, जमेल तेव्हा सकाळी ९ ते ५ मध्ये. महिन्याला १,२०० किलोमीटर चालवत असाल तर साधारण १९० युनिट लागतात, म्हणजे सवलतीचे दीडशे-पावणेदोनशे रुपये वाचतील. एलएफपी असेल तर कंपनी सांगेल तितक्या दिवसांनी एकदा १०० टक्के भरून लगेच वापरा; या रसायनाचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीला शिल्लक नीट मोजता येत नाही, आणि ऐन खंडाच्या रात्री पडद्यावर ३५ टक्के दिसताना आउटपुट बंद पडू शकतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी १०० टक्के भरून दिवसभर उन्हात उभी ठेवू नका. त्याने बॅटरीचं जे नुकसान होतं ते वर्षभराच्या व्ही-टू-एलनेही होणार नाही. चेंजओव्हरचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्या आणि तो गेल्यावर स्वतः एकदा तपासा: स्विच गाडीच्या बाजूला असताना मेनकडच्या दोन्ही टर्मिनलवर, फेज आणि न्यूट्रल, मल्टिमीटरने गाडीकडे कुठलीही जोडणी दिसता कामा नये.